एलियस हाउ आणि आईची वाकळ

सबमिशनच्या धावपळीत आईचा फोन आला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला हाताने वाकळ शिवणं जमत नव्हतं. धावदोऱ्याची ओळ वाकडी जायची, सुईत दोरा ओवायला शेजारच्या पोराला हाक मारावी लागायची. भिशीचे पैसे हातात आले होते, त्यातून मशीन घ्यायचं होतं. पोरगा मेकॅनिकलला आहे म्हटल्यावर कोणतं घ्यायचं ते मीच सांगायचं, असं तिने परस्पर ठरवून टाकलं.

मित्रांनो, खरं सांगायचं तर लेथ आणि मिलिंगच्या पुढे माझी गाडी जात नाही. तरी रुबाब म्हणून कॅटलॉग चाळले आणि मिनिटाला सगळ्यात जास्त टाके घालणारं, वर नक्षीही काढणारं एक हलकं मशीन निवडलं. पैसे भरायचेच काय ते बाकी होते. तेवढ्यात लायब्ररीत भलतंच पुस्तक शोधताना शिवणयंत्राचा इतिहास हाती लागला आणि त्यात मला एलियस हाउ भेटला.

हाउचा जन्म 1819 सालचा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या स्पेन्सर गावचा. बाप शेतकरी, जोडीला गिरणी. पोरगा पायाने जरा अधू. सोळाव्या वर्षी तो लॉवेलच्या कापड गिरण्यांकडे कामाला गेला. 1837 च्या मंदीत ते काम सुटलं आणि फिरत फिरत तो बोस्टनमध्ये अॅरी डेव्हिस नावाच्या कारागिराच्या वर्कशॉपमध्ये आला. शिवणारं यंत्र जो काढील त्याचं नशीब उघडेल, अशी चर्चा तिथे त्याच्या कानावर पडली. तिने त्याची झोप उडवली.

पुढे लग्न झालं, तीन मुलं झाली. पगार तुटपुंजा, तब्येत यथातथा. बायको एलिझाबेथ लोकांचं शिवणकाम घेऊन घर चालवायची. हा संध्याकाळी दमून बसायचा आणि तिच्या हातांकडे बघत राहायचा. पहिला प्रयत्न त्याने त्या हातांचीच नक्कल करण्याचा केला: दोन्ही बाजूंनी टोकदार, मध्ये नेढं असलेली सुई, जी कापडातून आरपार इकडून तिकडे जाईल. ते फसलं. मग त्याच्या लक्षात आलं की यंत्राला हाताची नक्कल करायची गरजच नाही. नेढं सुईच्या टोकाशी आणलं, की सुईला पूर्ण पलीकडे जावंच लागत नाही. ती आत घुसून परत फिरताना दोऱ्याचा एक फास मागे ठेवते, त्या फासातून शटल दुसरा दोरा नेतं, आणि टाका पक्का बसतो. हाच लॉकस्टिच. भाल्यांच्या टोकाला भोकं असलेलं स्वप्न त्याला पडलं, अशी एक आख्यायिका सांगतात. मला तर त्यामागे गिरणीत पाहिलेलं मागाचं शटलच जास्त दिसतं.

जॉर्ज फिशर नावाच्या मित्राने त्याच्या कुटुंबाला घरात जागा दिली आणि 500 डॉलर लावले. 1845 मध्ये यंत्र तयार झालं. त्यावर शिवलेले लोकरीचे दोन सूट दोघा मित्रांनी अंगावर घातले. बोस्टनमध्ये पाच शिवणकरणींबरोबर त्याने शर्यत लावली. मिनिटाला सुमारे 250 टाके घालत यंत्र जिंकलं. 10 सप्टेंबर 1846 ला पेटंट मिळालं. आणि एकही गिऱ्हाईक आलं नाही.

इथे मी थबकलो. शर्यत जिंकलेलं यंत्र कुणी का घेत नाही? किंमत भारी होती, शिंप्यांना पोटाची भीती होती, हे तर झालंच. पण यंत्राचं चित्र नीट पाहिलं तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. हाउच्या यंत्रात कापड टेबलावर पसरत नव्हतं. ते एका पट्टीवरच्या पिनांना उभं टांगावं लागे आणि वाकडी सुई आडवी हाले. पट्टी संपली की थांबा, कापड काढा, पुन्हा टांगा. सरळ छोटी शिवण झकास, पण वळण घ्यायचं म्हटलं की पंचाईत. टाका हाउने सोडवला होता, शिवणं अजून सुटायचं होतं.

पुढचे दिवस वाईट आले. भावाने यंत्र इंग्लंडला नेलं आणि विल्यम थॉमस या कॉर्सेट बनवणाऱ्याला 250 पौंडांत हक्कासह विकलं. हाउ स्वतः लंडनला त्याच्याकडे कामाला गेला, पण त्यांचं बिनसलं. पैसे संपले, बायकामुलांना आधी परत पाठवावं लागलं. 1849 मध्ये तो रिकाम्या खिशाने परतला. एलिझाबेथ क्षयाने अंथरुणाला खिळली होती. थोड्याच दिवसांत ती गेली.

इकडे बघतो तर बाजारात शिवणयंत्रं विकली जात होती आणि त्यांच्यात टाका त्याचाच होता! आयझॅक सिंगरने 1851 मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रात सुई सरळ उभी होती, कापड आडव्या टेबलावर होतं आणि त्याला दाबून धरणारा पाय होता. अॅलन विल्सनने 1854 मध्ये खालून कापड पुढे ढकलणाऱ्या दात्यांची चाल सुधारली. हाउ कोर्टात गेला आणि 1854 मध्ये जिंकला. 1856 मध्ये मोठ्या उत्पादकांनी आणि त्याने आपापली पेटंट एकत्र केली, कारण एकाचंही पेटंट वगळून धड यंत्र बनत नव्हतं. हाउला दर यंत्रामागे सुरुवातीला 5 डॉलर मिळू लागले आणि तो श्रीमंत झाला. यादवी युद्धात हा धनवान माणूस साधा शिपाई म्हणून भरती झाला. 3 ऑक्टोबर 1867 ला, वयाच्या 48 व्या वर्षी तो वारला. त्याच्या पेटंटची मुदत त्याआधी महिनाभरच संपली होती.

पुस्तक मिटलं तेव्हा मला माझा कॅटलॉग आठवला. मीही टाक्यांचा वेगच मोजत बसलो होतो की! आईचं कापड कोणतं, ती बसणार कशी, हे विचारलंच नव्हतं. सुट्टीत घरी गेलो आणि जुन्या लुगड्यांचे पाच थर टाचून गुंडाळी केली, ती काखेत मारून दुकानात गेलो. दुकानदार पातळ कापडाच्या दोन पदरांवर दाखवत होता. आम्ही आमची गुंडाळी पुढे केली. मी निवडलेलं मशीन तिथेच अडखळलं. वरचा थर पुढे सरकेना, खालचा पळाला, चुण्या पडल्या.

मग आईनेच एकेक मशीन तपासलं. हातमशीन नको, कारण एक हात चाक फिरवण्यात गुंततो आणि वाकळीला दोन्ही हात लागतात. पायमशीन नको, गुडघे दुखतात. शेवटी मोटर लावलेलं, फक्त सरळ टाक्याचं लोखंडी मशीन घेतलं. त्याचं वजन भरपूर, त्यामुळे हलत नाही. दाबपायाचा दाब कमी-जास्त करता येतो. सुई आणि खांबामधली जागा मोठी, म्हणून गुंडाळलेली वाकळ आत मावते. सोबत 18 नंबरच्या सुया आणि वरचा थरही पुढे ओढणारा वेगळा पाय घेतला. टाका लांब ठेवायचा, मधून सुरू करून कडेकडे जायचं, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. नक्षी नाही, आणि पैसेही कमी लागले.

त्या रात्री आईला हाउची सगळी गोष्ट सांगितली. कोर्ट, पेटंट, डॉलर तिने कानाआड केले. तिने एवढंच विचारलं, की त्याच्या बायकोला ते मशीन कधी वापरायला मिळालं का? मला सांगता आलं नाही. श्रीमंती यायच्या आधीच ती गेली, एवढंच म्हणालो. आई काही बोलली नाही, बॉबिन भरत राहिली.

तेव्हा हॉस्टेलवाल्यांनो, घरून असा फोन आला तर कॅटलॉग नंतर उघडा. आधी घरचं कापड काखेत मारा, आणि शिवणाऱ्या माणसाला बरोबर न्या. माझ्या कॉटवर आता त्या मशीनची पहिली वाकळ आहे. तिची एक कड वाकडी आहे, पण थंडीत कळत नाही.