इरॅस्मस : झऱ्यापाशीं गेलेला विद्वान

चौदाव्या शतकांत इटली देशांत पेट्रार्क (१३०४-१३७४) नामक कवि व त्याच्यामागून दुसरे विद्वान मठांत धूळ खात पडलेल्या प्राचीन पोथ्या शोधून वाचूं लागले. चित्रकार मनुष्य जसा दिसतो तसा रेखाटूं लागले. पुढें १४५५ च्या सुमारास गुटेनबर्गनें बायबल छापिलें, आणि छापखान्यांच्या योगें नवी विद्या देशोदेशीं पसरली. या चळवळीस विद्येचें पुनरुज्जीवन म्हणतात. पाणी गढूळ वाटल्यास झऱ्यापाशीं जावें, हें तिचें तत्त्व. तेंच नव्या करारास लावणाऱ्या पुरुषाची ही हकीकत आहे.

डेसिडेरियस इरॅस्मस याचा जन्म हॉलंडांतील रॉटरडॅम शहरीं १४६६ च्या सुमारास झाला. त्याचा बाप याजक होता व आईबापांचा विवाह झालेला नव्हता. हें शल्य त्यास जन्मभर बोंचत राहिलें. तो लहान असतांच दोघेंही मरीनें वारलीं, आणि सांभाळ करणारांनीं त्याच्या मनाविरुद्ध त्यास मठांत घातलें. १४९२ सालीं तो याजक झाला. १४९९ सालीं इंग्लंडांत जॉन कॉलेट याचा स्नेह जडल्यावर पवित्र शास्त्राच्या अभ्यासाची त्यास ओढ लागली. ग्रीक भाषेवांचून नव्या कराराचा अर्थ नीट हातीं लागणार नाहीं, हें त्यानें ओळखलें. वय तिशीपुढें, प्रकृति नाजूक, जवळ पैसा नाहीं. तरी पैसे येतांच आधीं ग्रीक पुस्तकें व मग वस्त्रें घ्यावीं, असा त्यानें निश्चय केला.

१५१६ सालीं बाझल शहरीं फ्रोबेन याच्या छापखान्यांतून त्यानें ग्रीक नवा करार, शेजारीं लॅटिन भाषांतर व टिपा, असा ग्रंथ प्रसिद्ध केला. जेथें आपण पश्चात्ताप करा असें वाचितों, तेथें जुन्या लॅटिनावरून याजकानें नेमलेलें प्रायश्चित्त करावें असा लोकांचा समज झाला होता. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मन पालटणें हा आहे, हें इरॅस्मसनें टिपांत दाखविलें. ग्रंथ घाईनें छापल्यामुळें त्यांत चुका पुष्कळ राहिल्या. प्रकटीकरणाच्या पोथीचें शेवटचें पान नव्हतें, म्हणून तेवढी वचनें त्यानें लॅटिनावरून ग्रीकांत उतरविलीं. तरी प्रस्तावनेंत त्यानें प्रकट केलेली इच्छा थोर होती : नांगर धरणारा शेतकरी, मागावरचा विणकर व वाटसरू यांच्याही मुखीं शुभवर्तमान असावें. त्याच्या १५१९ च्या आवृत्तीवरून मार्टिन ल्यूथरनें जर्मन नवा करार सिद्ध केला. तो १५२२ सालीं निघाला.

परंतु इरॅस्मस स्वतः ल्यूथरबरोबर गेला नाहीं. मंडळींतील अनाचारांवर त्यानें पूर्वींच कोरडे ओढले होते. पण फूट व रक्तपात यांचें त्यास भय वाटे. १५२४ सालीं मनुष्याच्या इच्छास्वातंत्र्याविषयीं त्यानें ल्यूथरविरुद्ध लिहिलें, आणि पुढच्याच वर्षीं ल्यूथरनें कडक उत्तर दिलें. रोमच्या पक्षास तो घरभेद्या वाटे, सुधारकांस भित्रा. १५३६ सालीं तो बाझल येथें वारला. मरेपर्यंत त्यानें रोमची मंडळी सोडिली नव्हती, तरी सुधारकांच्या हातीं आलेल्या तेथील मुख्य मंदिरांत त्यास पुरलें. १५५९ सालीं पोपनें त्याचे सर्व ग्रंथ निषिद्ध ठरविले.

होल्बाइन या चित्रकारानें १५२३ सालीं काढिलेल्या चित्रांत तो दृष्टि खालीं लावून लिहीत बसलेला दिसतो. त्याच्या अंगीं ल्यूथरचें धैर्य नव्हतें; परंतु ल्यूथरच्या हातीं जें पुस्तक आलें, तें याच्या रात्रंदिवसांच्या श्रमाचें फळ होतें. वाचकहो, देवाच्या मळ्यांत विहीर खणणारा एक असतो व पाट काढून पाणी नेणारा दुसरा. पीक उभें राहिल्यावर खणणाऱ्यास विसरूं नये.