लुई ब्रेल : जखम एका डोळ्याला, अंधार दोन्ही डोळ्यांपुढे

पॅरिसजवळील कुव्रे या गावी ४ जानेवारी १८०९ रोजी लुई ब्रेल यांचा जन्म झाला. वडील घोड्यांचे साज तयार करीत. तीन वर्षांचा लुई त्यांच्या कारखान्यात खेळत असताना टोकदार हत्यार त्याच्या एका डोळ्यात घुसले. जखम चिघळली, पुढे दुसरा, शाबूत डोळाही सुजला. पाचव्या वर्षी दृष्टी पूर्ण गेली. एका डोळ्याला भेदक जखम झाल्यावर शरीराची प्रतिकारशक्ती क्वचित निरोगी डोळ्यावरही उलटते. लुईच्या बाबतीत हेच घडले असावे, असे अनेक नेत्रतज्ज्ञ मानतात. आज स्टिरॉइडसारखी औषधे वेळीच मिळाल्यास अशी दृष्टी पुष्कळदा वाचविता येते. तेव्हा काहीच उपाय नव्हता.

१८१९ मध्ये लुई पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाला. शार्ल बार्बिये यांची बारा टिंबांची लिपी बोटाच्या एका स्पर्शात मावत नसे. १८२४ मध्ये, अवघ्या पंधराव्या वर्षी, लुईने सहा टिंबांची सुटसुटीत लिपी सिद्ध केली. पुढे ते तेथेच शिक्षक झाले. ६ जानेवारी १८५२ रोजी क्षयाने त्यांचे निधन झाले. शाळेने त्यांची लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती त्यानंतर, १८५४ मध्ये. त्याच सहा टिंबांवर १९५१ मध्ये भारती ब्रेल उभी राहिली; तिच्यात मराठीही बोटांनी वाचता येते.