महिपती महाराजांची लेखणी



माउलींनो, चातुर्मासात आपल्या देवळात भक्तविजयाची पोथी लागते. गोरोबाकाका तेरचे, चोखोबा आणि दामाजीपंत मंगळवेढ्याचे, हे आपल्याला शाळेत कुणी शिकवलं नाही. पोथीतून नि कीर्तनातून कानावर पडलं. बुवा जी आख्यानं रंगवतात त्यांतली पुष्कळशी एका गावकुळकर्ण्याच्या हातची आहेत. दिंडीच्या शताब्दीच्या या अंकात त्यांचे चरित्र असावे असे आम्हां मंडळींना वाटले. त्याचे कारण पुढे येईल.

राहुरी तालुक्यात ताहराबाद हे गाव. तिथले कुळकर्णीपण दादोपंत कांबळे यांच्या घरी होते. दादोपंत पंढरीचे वारकरी. उतारवयात त्यांना मुलगा झाला, तो पांडुरंगाचाच प्रसाद म्हणून वाढवला. तेच महिपती. जन्म शके १६३७, म्हणजे सन १७१५. वडिलांमागे दफ्तर त्यांच्याकडे आले.

कुळकर्ण्याची लेखणी म्हणजे काय, हे जुन्या माणसांना सांगायला नको. कुणाचं रान किती, सारा किती, बाकी किती, सगळं त्या बोरूच्या टोकावर. सावकाराइतकाच गाव तिला भ्यायचा. एके दिवशी महिपती पूजेला बसले असताना जहागीरदाराचा शिपाई बोलावणं घेऊन आला. पूजा आटोपून येतो म्हटलं तर तो ऐकेना, वर अद्वातद्वा बोलला. महाराज उठले, कचेरीत गेले, काम पुरं करून दिलं. घरी येऊन लेखणी देवापुढं ठेवली आणि शपथ घेतली, की यापुढे ही माणसाच्या चाकरीत चालणार नाही, चालली तर संतांसाठीच. ही कथा परंपरेने चालत आली आहे. हातातला रोजगार सोडणं किती अवघड, ते ज्याच्या घरात खाणारी तोंडं आहेत त्याला कळेल.

पुढे त्या लेखणीतून संतलीलामृत, भक्तविजय, भक्तलीलामृत असे ग्रंथ झाले. भक्तविजय शके १६८४ चा, सन १७६२, अध्याय ५७. भक्तलीलामृत सन १७७४ चा, अध्याय ५१. संतविजय पुरा व्हायचा राहिला. ओवी अशी सोपी, की अक्षरओळख नसलेल्या आजीबाईलाही ऐकताना अर्थ लागतो.

हे सारं त्यांनी मनचं लिहिलं नाही. तसं ते ग्रंथात स्वतःच सांगतात. उत्तरेकडच्या नाभाजींची भक्तमाल आणि माणदेशातल्या उद्धवचिद्घनांचे लेखन, असे दोन आधार त्यांनी नावानिशी दिले आहेत. सांगणाऱ्याचं नाव सांगायचं, ही कुळकर्ण्याची सवय इथंही सुटली नाही असं आम्हाला वाटतं. गाव कोणतं, धंदा कोणता, हेही ते विसरत नाहीत. गोरोबांचा चिखल, सेना महाराजांची धोकटी, जनाईचं जातं, सगळं जागच्या जागी आहे.

अभ्यासक म्हणतात की महिपतींच्या ग्रंथांत सनावळी थोडी आणि चमत्कार फार. खरं आहे ते. पण एक हिशेब मांडून पाहा. तुकोबाराय वैकुंठाला गेले सन १६५० साली. भक्तविजय झाला ११२ वर्षांनी. तुकोबांना डोळ्यांनी पाहिलेलं कुणीही तेव्हा हयात असणं शक्य नव्हतं. नातवा-पणतवांच्या तोंडी जे उरलं होतं ते महाराजांनी वेचलं. आणखी पन्नास वर्षं कुणी लेखणी धरली नसती, तर त्यातलं किती उरलं असतं?

आता कारण सांगतो. आपल्या दिंडीलाही शंभर वर्षं झाली, म्हणजे जवळजवळ तेवढंच अंतर पडलं. पहिल्या वारीला पायी गेलेलं आज कुणी नाही. त्या वेळचे विणेकरी कोण, चोपदार कोण, तुळस कुणाच्या डोक्यावर होती, बैलगाडी कुणी दिली, पाऊस लागला तर मुक्काम कुठल्या पडवीत व्हायचा, हे आता गावातल्या दोन-चार म्हाताऱ्या माणसांनाच ठाऊक. त्यांच्याही सांगण्यात मेळ नाही. एक म्हणतो पहिली वीणा वरच्या आळीची, दुसरा म्हणतो खालच्या. आम्ही दोन्ही लिहून घेतलं, सांगणाऱ्याच्या नावासकट.

महिपती महाराजांनी शके १७१२ च्या श्रावण वद्य द्वादशीला, सन १७९० साली, ताहराबादेतच देह ठेवला. वय पंचाहत्तर.

या अंकाची शेवटची आठ पानं मुद्दाम कोरी ठेवली आहेत. ज्यांच्या घरी जुना फोटो, टाळांची जोडी, भजनाची वही, शिध्याचा हिशेब असेल त्यांनी कार्तिकीच्या आत देवळात दाखवायला आणावा. वस्तू ठेवून घेणार नाही, टिपून लगेच परत देऊ. ज्यांना चालवत नाही त्यांनी नुसता निरोप धाडा, वही घेऊन आम्हीच घरी येऊ.