सोने न मिळालेला माणूस

रद्दीच्या दुकानात एकदा मला जुनी इंग्रजी चित्रकथा मिळाली. मुखपृष्ठ फाटलेले; आत बर्फ, घसरगाडी ओढणारे कुत्रे आणि दाढीमिशा गोठलेली माणसे. मूळ कथा जॅक लंडनची होती. उत्तरेच्या बर्फातील चित्तथरारक कथांचे पुढे स्वस्त मासिकांतून आणि चित्रकथांतून पेवच फुटले. पण या माणसाने ते बर्फ स्वतः तुडवले होते, हे कळले आणि मी त्याच्या चरित्राकडे वळलो.

जॅकचा जन्म १२ जानेवारी १८७६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाला. घरी दारिद्र्य. कोवळ्या वयातच तो डबाबंद अन्नाच्या कारखान्यात राबला, चोरून कालवे काढू लागला, सतराव्या वर्षी सीलच्या शिकारी जहाजावरून जपानपर्यंत गेला. भटकेपणाबद्दल तीस दिवसांचा तुरुंगवासही त्याने भोगला. १८९६ मध्ये तो बर्कलेच्या विद्यापीठात दाखल झाला खरा, पण पैशांअभावी एका सत्रातच शिक्षण सुटले.

१८९७ च्या जुलैत तो क्लोंडाइकच्या सोन्यामागे निघाला. वर्षभराचा शिधा पाठीवरून, खेपांवर खेपा घालून, चिलकूट खिंडीपलीकडे न्यायचा होता. हिवाळा स्ट्युअर्ट नदीजवळच्या लाकडी खोपटात गेला. ताज्या अन्नावाचून स्कर्व्ही जडला. १८९८ मध्ये तो युकॉन नदीतून होडीने परतला, तेव्हा गाठीला पाच डॉलरचेही सोने नव्हते. तो दूर असतानाच सावत्र वडील वारले होते. संसाराचा भार आता त्याच्यावर होता.

त्याने टपाल खात्याची परीक्षा दिली आणि सोबत कथा लिहू लागला. बहुतेक साभार परत येत. जानेवारी १८९९ मध्ये उत्तरेची पहिली कथा छापून आली. मानधन पाच डॉलर! त्याच सुमारास टपालाची नोकरी चालून आली. घरात चणचण असूनही त्याने ती नाकारली. इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

पुढचे सर्वश्रुत आहे. १९०० मध्ये पहिला कथासंग्रह, १९०१ मध्ये बर्फात जिवंत मॅमथ गाठणाऱ्या शिकाऱ्याची गमतीदार थाप, १९०३ मध्ये बक या कुत्र्याची कादंबरी. १९०८ च्या एका कथेत एकटा प्रवासी शेकोटी पेटवू पाहतो. झाडावरचे बर्फ कोसळून ती विझते. थंडी काय असते ते कुत्र्याला कळते, माणसाला नाही! मात्र त्याच्या लेखनात गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाचा दर्प आहे, तो खटकतो. तेथील मूळ रहिवाशांवर त्यामुळे अन्याय होतो. २२ नोव्हेंबर १९१६ रोजी, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, तो वारला.

माझ्या टेबलावर सध्या बँकेच्या परीक्षेचा अर्ज आहे. वडिलांनी तो आणून ठेवला आहे. मी तो भरणार आहे. जॅकनेही परीक्षा दिलीच होती. पण शेजारीच माझी कथांची वहीही उघडी आहे, आणि ती मिटायची नाही एवढे मी ठरवले आहे.