तट बांधणारा सुभेदार नहेम्या

लोकनायक कसा असावा हें पाहावयाचें असतां आपण मोशेकडे किंवा दाविदाकडे वळतों; नहेम्याची आठवण क्वचितच होते. तो राजा नव्हता, याजक नव्हता, संदेष्टाहि नव्हता. शूशन राजवाड्यांत इराणचा बादशहा अर्तहशश्त याचा तो प्यालेबरदार होता. इ. स. पू. ४४५ च्या सुमारास, यरुशलेमेचा तट पडला असून वेशी जळाल्या आहेत, असें त्यास आपला भाऊ हनानी याजकडून कळलें. तो रडला, त्यानें उपास केले, आणि सुमारें चार महिने प्रार्थना केल्यावर मग राजाची आज्ञा मागितली.

यरुशलेमेस पोहोंचून तीन दिवस झाल्यावर, कोणास कांहीं न कळवितां, थोडीं माणसें बरोबर घेऊन तो रात्रीं पडक्या तटाची पाहणी करून आला. मग काम वांटलें गेलें. कित्येकांनीं आपापल्या घरासमोरचाच भाग बांधला. त्या बांधणारांची यादी कंटाळवाणी म्हणून पुष्कळ वाचक वगळतात; वगळूं नये. तींत याजक आहेत, सोनार आहेत, अत्तर करणारे आहेत, शल्लूमाच्या मुली आहेत. तकोवाच्या सरदारांनीं मात्र कामाला मान वांकविली नाहीं, हेंहि तेथें लिहिलेलें आहे. सनबल्लट व तोबीया यांनीं आधीं थट्टा केली, मग धमक्या दिल्या. तेव्हां निम्मे लोक पहारा करीत व निम्मे बांधीत. ५२ दिवसांत तट पुरा झाला.

खरी कसोटी तटाच्या आंत लागली. दुष्काळांत धान्यासाठीं व राजाच्या साऱ्यासाठीं गरिबांनीं शेतें व द्राक्षमळे गहाण टाकले होते, आणि कित्येकांचीं मुलें स्वतःच्याच भाऊबंदांच्या दास्यांत पडत होतीं. त्यांचा आक्रोश ऐकून नहेम्या संतापला. तरी त्यानें आधीं मनाशीं विचार केला आणि मग सभा भरवून सरदारांस जाब विचारला. विशेष हें, कीं आपण व आपले भाऊहि या लोकांस पैसा व धान्य कर्जाऊ देत आहों, हें त्यानें त्याच सभेंत सांगितलें, आणि आपल्यासह सर्वांनीं ही वसुली सोडावी असें ठरविलें. घेतलेलें परत करण्याची शपथ त्यानें याजकांसमक्ष घेवविली.

त्याची सुभेदारी १२ वर्षें चालली. मागील सुभेदार रयतेकडून अन्न, द्राक्षारस व ४० शेकेल रुपें घेत. यानें तें घेतलें नाहीं, जमीनहि विकत घेतली नाहीं. त्याच्या पंक्तीस मात्र १५० माणसें जेवीत.

तो सौम्य होता असें म्हणवत नाहीं. राजाकडे जाऊन तो परत आला, तों मंदिराच्या आवारांत तोबीयाला खोली दिलेली आढळली. त्यानें तोबीयाचें सारें सामान बाहेर फेंकलें, खोल्या शुद्ध करविल्या, आणि देवाच्या घराचीं पात्रें व धूप पुन्हां तेथें आणून ठेविला.