तलवार सोडून तंबोरा: मिरजेचे फरीदसाहेब

मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप लावून रियाज करणारे संभाजीनगरातही पुष्कळ. पण तो झंकार मुळात घडतो कसा? त्यासाठी मिरजेचे फरीदसाहेब शिकलगार माहीत हवेत. घराण्याचा धंदा हत्यारांचा. इंग्रजी अमलात तलवारींना गिऱ्हाईक उरेना, पोटाचा प्रश्न आला. १८५०च्या सुमारास ते तंतुवाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले, मग स्वतःच ती घडवू लागले. सामान काय, तर पंढरपूरकडचा वाळलेला कडू भोपळा, जो भाजीलाही चालत नाही! आतून पोकळ, म्हणून आवाज घुमतो. खरी करामत जवारीत: घोडीचा माथा किंचित गोलसर घासायचा, वर तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा. तार माथ्याला हलकेच घासते आणि झंकार उठतो. धार लावणाऱ्या हाताला हे घासकाम परकं वाटलं नसणार. पुढच्या पिढ्यांत काहींचं आडनावच सतारमेकर झालं.