सोफ्याच्या कापडामागचा माणूस: नायलॉन बनवणारा वॉलेस कॅरोथर्स

ऑनलाइन सोफा बघताना आपण फोटो, रंग आणि ईएमआय बघतो. थोडं खाली स्क्रोल केलं की ‘मटेरियल’ नावाची एक ओळ असते: पॉलिस्टर, नायलॉन मिश्रण वगैरे. घरात लहान मुलं आणि कुत्रा-मांजर असेल तर सोफा किती वर्षं टिकेल हे त्या ओळीवरून कळतं. माझ्याकडे पाच वर्षांचा भाचा आणि एक मांजर, दोघांचाही मुक्काम सोफ्यावरच असतो. म्हणून मी या ओळीचा माग काढला आणि पोचलो वॉलेस कॅरोथर्सपर्यंत.

अकाउंट्स शिकलेला केमिस्ट

कॅरोथर्सचा जन्म २७ एप्रिल १८९६ चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला. वडील कमर्शियल कॉलेजात शिकवायचे, त्यामुळे पोरगं आधी अकाउंट्स शिकलं. पुढे टार्किओ नावाच्या छोट्या कॉलेजात त्याला केमिस्ट्रीची गोडी लागली. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथले विभागप्रमुख दुसरीकडे गेले, तर विद्यार्थी असलेल्या कॅरोथर्सकडेच विभाग सोपवला गेला! १९२४ मध्ये त्याने इलिनॉय विद्यापीठातून पीएचडी केली आणि १९२६ मध्ये तो हार्वर्डला शिकवायला लागला.

तेव्हा ड्यूपॉन्ट कंपनी मूलभूत संशोधनासाठी माणसं शोधत होती. कॅरोथर्सला डिप्रेशनचा त्रास होता. तो त्याने कंपनीपासून लपवला नाही, उलट आधी त्याच कारणाने नकार दिला. शेवटी १९२८ मध्ये तो विल्मिंग्टनच्या प्रयोगशाळेत रुजू झाला.

रेणूंची लिंक्ड लिस्ट

रबर, रेशीम, कापूस हे पदार्थ खरंच अतिलांब रेणूंचे असतात, की छोट्या रेणूंचे घोळके असतात, यावर तेव्हा शास्त्रज्ञांमध्ये वाद होता. कॅरोथर्सने सरळ इंजिनियरचा मार्ग धरला: वाद घालत बसण्यापेक्षा लांब रेणू स्वतःच बनवून दाखवायचा. दोन्ही टोकांना जोडणी करता येईल असे छोटे रेणू घ्यायचे आणि एकाला एक जोडत जायचं. कोडिंग करणाऱ्यांनी डोळ्यांसमोर लिंक्ड लिस्ट आणावी.

अडचण एकच होती. प्रत्येक जोडणीत पाणी तयार व्हायचं आणि ते पाणी झालेली जोडणी पुन्हा तोडायचं. म्हणून त्याच्या टीमने हे पाणी सतत बाहेर काढणारं उपकरण वापरलं आणि साखळ्या लांबच लांब होत गेल्या. एप्रिल १९३० मध्ये सहकारी ज्युलियन हिलने अशा वितळलेल्या पदार्थातून धागा ओढला. थंड झाल्यावर तो पुन्हा ताणला तर तुटायच्या ऐवजी आणखी मजबूत झाला, कारण ताणल्यावर आतल्या साखळ्या एका रांगेत येतात. त्याच महिन्यात त्याच टीममध्ये निओप्रिन रबरचाही शोध लागला.

पण हिलचा धागा पॉलिस्टरचा होता आणि तो गरम पाण्यात मऊ पडायचा. असले कपडे इस्त्री तरी कसे करणार? १९३४ मध्ये टीम पुन्हा या कामाकडे वळली, या वेळी पॉलिअमाइड घेऊन. २८ फेब्रुवारी १९३५ ला ‘६,६’ नावाचं पॉलिमर तयार झालं. दोन्ही घटकांत सहा-सहा कार्बन, म्हणून ते नाव. ते वितळायला सुमारे २६० अंश सेल्सिअस लागतात. हेच आपलं नायलॉन.

जे त्याने पाहिलं नाही

१९३६ मध्ये त्याचं लग्न झालं. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्याची निवड झाली. तरी आपल्या हातून आता काही नवीन होणार नाही, ही भावना त्याला सोडत नव्हती. जानेवारी १९३७ मध्ये त्याची लाडकी बहीण गेली. २९ एप्रिलला, एक्केचाळिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. त्याची मुलगी नोव्हेंबरमध्ये जन्मली. नायलॉनची जाहीर घोषणा ऑक्टोबर १९३८ मध्ये झाली.

पुढे १९४१ मध्ये इंग्लंडच्या व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी कॅरोथर्सचंच काम पुढे नेलं आणि उष्णतेला टिकणारं पॉलिस्टर बनवलं: टेरिलीन. आजोबांच्या टेरिकॉट शर्टातलं ‘टेरि’ ते हेच.

आता सोफा घेताना

• नायलॉन घासण्याला सगळ्यात चिवट असतं, पण कडक उन्हात खराब होतं. सोफा खिडकीजवळ ठेवणार असाल तर पॉलिस्टर बरं.
• पॉलिस्टर पाणी फारसं शोषत नाही, त्यामुळे सांडलेलं दूध लगेच टिपलं तर निघतं. तेलाचा डाग मात्र ते धरून ठेवतं. भजी खाताना सांभाळा.
• मार्टिनडेल आकडा विचारा. कापड घासून घासून ही चाचणी करतात. मुलं आणि प्राणी असतील तर २५,००० च्या वरचं घ्या.
• वीण घट्ट हवी. बुक्लेसारख्या लूपवाल्या कापडात मांजराची नखं अडकतात, बारीक लव असलेल्या मखमलीत कमी.
• चेन लावलेली, काढून धुता येणारी कव्हर्स असतील तर उत्तमच.

आणि एक गोष्ट, सोफ्यापेक्षा महत्त्वाची. कॅरोथर्सच्या काळात डिप्रेशनवर आजच्यासारखे उपचार नव्हते. आपल्याकडे आहेत. सगळं व्यर्थ आहे असं तुम्हाला किंवा मित्राला वाटत असेल, तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे. तो फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.